लुगडे कोणी निवडले?



बाईने काय नेसावे, कपाळी काय लावावे, हातात काय भरावे, हा धम्माचा विषय नव्हे असे आपल्यातील पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटते. धम्म म्हणजे शील, समाधी, प्रज्ञा. तेथे लुगड्या-बांगड्यांची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. वर ते असेही म्हणतात की, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, त्यात दुसऱ्याने नाक खुपसू नये. हे दुसरे म्हणणे ऐकायला फार सोयीचे आहे. म्हणूनच ते जरा तपासून घेतले पाहिजे.

तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारून पाहा. 'आई, तू जोडवी का घालतेस?' ती 'मला आवडतात' असे क्वचितच म्हणेल. ती म्हणेल, 'आपल्यात घालतात.' पुन्हा विचारा, 'नाही घातली तर?' यावर ती तुमच्याकडे अशी पाहील की, तुम्ही काही अभद्र बोललात. आवड कोठे आहे यात? 'आपल्यात' हा शब्द आहे, आणि 'लोक काय म्हणतील' ही भीती आहे. कालांतराने त्या भीतीचीच सवय होते आणि सवयीला आपण आवड म्हणू लागतो.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे, किंवा सांगणारा आदरणीय आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती अहिताची आहे, दुःखाला कारण होते असे स्वतः जाणल्यावर ती सोडावी, असा त्याचा मथितार्थ आहे. या उपदेशाला देवाधर्माच्या गोष्टी तेवढ्या लागू आणि बाईच्या अंगावरचे वस्त्र तेवढे वगळलेले, असे कोठे म्हटले आहे? माझ्या वाचनात तरी आले नाही.

परंतु कळणे निराळे आणि सोडता येणे निराळे. यासाठी चीन देशातील एक उदाहरण सविस्तर सांगते. तेथे सुमारे हजार वर्षे मुलींचे पाय बांधण्याची चाल होती. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की, अंगठा सोडून बाकीची चार बोटे तळव्याखाली दुमडायची आणि लांब पट्टीने पाऊल आवळून बांधायचे. हाडे मोडत, जखमा चिघळत, काही मुली दगावत. एवढे करून तीन-चार इंचांचे पाऊल तयार होई आणि त्यावर भरतकामाचा चिमुकला जोडा चढे. त्या पायाला तेथे सुवर्णकमळ असे नाव होते. आता ध्यानात घ्या, हे काम कोणी परका शिपाई करीत नव्हता. मुलीची आई करी, आजी करी. ज्या आईने स्वतः ते दुःख भोगले तीच रडणाऱ्या मुलीचे पाय धरून पट्टी आवळी.

ती आई क्रूर होती काय? मुळीच नाही. तिला ठाऊक होते की, मोठ्या पायाच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही. शेतात राबणाऱ्या हाक्का समाजाच्या स्त्रिया पाय बांधीत नसत, मांचू स्त्रियाही बांधीत नसत. म्हणजे याशिवाय जगता येते हे डोळ्यांसमोर दिसत होते. सतराव्या शतकात मांचू बादशहांनी बंदीचे हुकूमही काढले. ते कोणी पाळले नाहीत आणि शेवटी मागे घ्यावे लागले. कारण प्रत्येक आईपुढे एकच पेच होता. मी एकटीने माझ्या मुलीचे पाय मोकळे ठेवले तर चाल मोडणार नाही, माझी मुलगी तेवढी घरात राहील.

हा पेच कसा सुटला ते आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. १८७० नंतरच्या काळात शियामेन बंदरातील ख्रिस्ती मंडळींनी, पुढे १८८३ च्या सुमारास कँटन प्रांतात कांग युवेई या सुधारकाने आणि १८९५ नंतर शांघायच्या 'नैसर्गिक पाऊल' संस्थेने मंडळ्या काढल्या. त्यांपैकी अनेक मंडळ्यांत सभासदाला शपथ घ्यावी लागे. शपथ दुहेरी होती. मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही, हा पहिला भाग. माझ्या मुलासाठी पाय बांधलेली सून आणणार नाही, हा दुसरा. दुसरा भाग नसता तर पहिला कागदावरच राहिला असता. मोकळ्या पायाच्या मुलींना घरे मिळतील याची हमी त्या दुसऱ्या भागाने दिली. १९१२ साली नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली तोवर शहरांतून ही चाल ढासळू लागली होती. खेड्यापाड्यांत ती आणखी काही दशके रेंगाळली, पण हजार वर्षे टिकलेली गोष्ट दोन-तीन पिढ्यांत संपली.

आपल्याकडे हुंड्याविरुद्ध भाषणे करणाऱ्यांनी या शपथेचा दुसरा भाग वाचावा, असे मला राहून राहून वाटते. असो.

चीनमध्ये आईच्या हातून जे घडले ते मायेपोटी आणि भीतीपोटी. पण काही ठिकाणी वस्त्राचा नियम घरातून येत नाही, तो वरून लादला जातो आणि मोडला तर मार बसतो. हे समजण्यासाठी परदेशी जायला नको. आजचा तामिळनाडूतील कन्याकुमारी जिल्हा पूर्वी त्रावणकोर संस्थानात होता. तेथे ताडाच्या झाडांवर चढून पोट भरणारी शानार जात होती. तिलाच आज नाडार म्हणतात. या जातीने छत्री धरायची नाही, पायात जोडा घालायचा नाही, सोन्याचे दागिने घालायचे नाहीत, दुमजली घर बांधायचे नाही. स्त्रियांनी पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही आणि कमरेच्या वर अंग झाकायचे नाही. घागर कोठे धरावी हेसुद्धा जात ठरवीत होती! आणि हा जिना तेथेच संपत नव्हता. नायर स्त्रियांना खांद्यावरून उपवस्त्र घेण्याचा मान होता, पण देवापुढे आणि ब्राह्मणापुढे त्यांनाही ते दूर करावे लागे. उघडे अंग हा आदर आणि झाकलेले अंग हा अधिकार, असा तो हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शानारांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. कर्नल मन्रो या इंग्रज रेसिडेंटाने धर्मांतरित स्त्रियांना झंपरासारखे शिवलेले 'कुप्पायम्' घालण्याची परवानगी दिली. स्त्रिया तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी कुप्पायमवर नायर स्त्रियांसारखे उपवस्त्रही घेतले, आणि हिंदू राहिलेल्या शानार स्त्रियांनीही त्यांचे पाहून तसेच केले. येथे दंगे सुरू झाले. १८२२-२३, १८२७-२९ आणि १८५८-५९ असे तीनदा ते पेटले. भर बाजारात बायकांची वस्त्रे फाडण्यात आली, प्रार्थनामंदिरे व शाळा जाळण्यात आल्या. १८२९ साली दरबाराने जाहीरनामा काढून उपवस्त्राला पुन्हा मनाई केली. अखेर मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांच्या दडपणाखाली २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी नवा जाहीरनामा काढला.

त्या जाहीरनाम्यात काय होते? शानार स्त्रियांनी ख्रिस्ती शानार स्त्रियांप्रमाणे झंपर घालावे, कोळणींप्रमाणे जाडेभरडे कापड अंगाभोवती घ्यावे, किंवा आणखी कोणत्याही रीतीने छाती झाकावी. फक्त उच्च जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये. हे वाक्य दोनदा वाचा. भांडण लाजेचे असते तर अंग झाकण्याची मुभा मिळताच ते मिटले असते. परंतु दरबाराला अंग झाकण्याचे वावडे उरले नव्हते. दुरून पाहताच जात ओळखू आली पाहिजे, एवढा एकच हट्ट त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. जातीने बाईच्या अंगावर आपली पाटी लावून ठेवली होती आणि ती पाटी पुसू द्यायची नव्हती.

हा लढा एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात होता. पोशाखाच्या इतिहासावरील ते सबंध प्रकरण २०१९ साली वगळण्यात आले. शिक्षिका म्हणून मला याचे वाईट वाटते. ज्या मुलींनी तो धडा वाचायचा त्यांना आता तो घरीच सांगावा लागेल, म्हणून येथे जरा लांबण लावली.

पाटी पुसण्याचा हा प्रश्न महाराष्ट्रात परमपूज्य बाबासाहेबांनी उघडपणे मांडला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच मुक्कामात त्यांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. शिक्षण, स्वच्छता, मृत जनावराचे मांस या गोष्टी त्यात होत्याच. पण त्यांनी लुगड्याविषयीही सांगितले. आखूड, गुडघ्यापर्यंतचे लुगडे नेसण्याची पद्धत आणि कोपरापर्यंत भरलेले कथलाचे नि चांदीचे गोठ, गळ्यातील गाठ्या या गोष्टींवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लोकांना कळते, तेव्हा त्या टाका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. लुगडे तेच, नेसणे वेगळे. यासाठी घरचे काहीच खर्च होत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. चित्रे आणि टिपणीस या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी बायकांना नव्या पद्धतीने लुगडी नेसवून दिली. दुसऱ्या दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून परिषदेत आल्या.

एका रात्रीत हे कसे झाले, याचा मी पुष्कळदा विचार करते. गावात परतल्यावर या बायकांना सवर्णांचे टोमणे, प्रसंगी मार, हे चुकणार नव्हते. घरातही कोणी सासू म्हणालीच असेल की, मोठी बामणीण झालीस! एखादी बाई एकटीच तसे नेसून गेली असती तर आठ दिवसांत लुगडे पुन्हा गुडघ्यावर आले असते. त्या एकत्र बदलल्या. चीनमधील त्या शपथेचे जे मर्म, तेच येथे शपथेवाचून साधले.

यावर कॉलेजात जाणारी आपली मुले एक आक्षेप घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ती म्हणतात, 'सवर्ण बायकांसारखे नेसा, हे सांगणे म्हणजे सवर्णांचीच रीत श्रेष्ठ मानणे झाले. आपले ते टाकायचे आणि त्यांचे ते घ्यायचे, ही कसली मुक्ती?' मी त्यांना विचारते, आखूड लुगडे 'आपले' कधी होते? ज्याला निवडायची मोकळीक आहे त्यानेच निवडलेली वस्तू त्याची म्हणता येते. शानार स्त्रीचे उघडे अंग ही जशी तिची संस्कृती नव्हती, तसे ते आखूड लुगडेही नव्हते. पायघोळ लुगडे सुंदर आहे की नाही हा मुद्दाच नाही. ते नेसायची मनाई होती, म्हणून ते नेसणे आवश्यक होते. आज ती मनाई उरलेली नाही, तेव्हा आज कोणी नात पायघोळ साडी सोडून पँट घालून नोकरीला गेली तर ती महाडचा उपदेश मोडते असे मी म्हणणार नाही. आणि आज लग्नाच्या हॉलमध्ये शिवलेली नऊवारी घालून मिरवणाऱ्या मुलींनाही काही म्हणणार नाही. त्यांना ती हौस परवडते, कारण त्या लुगड्यावरून आता कोणी त्यांना पाणवठ्यावरून हाकलीत नाही.

मग सरकारने कायदा करून सगळ्या जुन्या खुणा एकदम बंद का करू नयेत? काही उत्साही मंडळी असे विचारतात. त्यांनी इराणचा अनुभव पाहावा. १९३६ च्या जानेवारीत रझा शहाने स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी घातली. हेतू प्रगतीचा सांगितला. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचे वस्त्र ओढून काढू लागले. परिणाम असा झाला की, ज्यांना उघड्या डोक्याने फिरणे मरणप्राय वाटे अशा कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९४१ मध्ये शहा पदच्युत झाला आणि ती सक्ती ढिली पडली. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर उलटी सक्ती आली. ८ मार्च १९७९ रोजी तेहरानच्या हजारो स्त्रिया तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तरी १९८३ मध्ये डोके न झाकणाऱ्या बाईला फटक्यांची शिक्षा देणारा कायदा झालाच. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी, डोके नीट झाकले नाही या आरोपावरून पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, आणि मुलींनी भर चौकात डोक्यावरची वस्त्रे जाळली. आजीच्या डोक्यावरून ओढले तेही पोलिसांनी, नातीच्या डोक्यावर बसविले तेही पोलिसांनी. त्या दोघींना कोणी विचारलेच नाही.

आता आपल्या घराकडे वळू. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत या प्रश्नावरून जी भांडणे होतात ती मी जवळून पाहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो स्त्री-पुरुष शुभ्र वस्त्रे घालून आले, तेव्हापासून पांढरी साडी ही आपल्या उपासिकांची खूण झाली. सिंहलद्वीपातही पौर्णिमेला उपासिका पांढरे नेसतात. पण शेजारच्या आळीतील बाई म्हणते, 'सवाशिणीने पांढरे कशाला ग?' तिला कोणी सांगावे की, आपल्याकडच्या ब्राह्मण घरांत विधवेला तांबडे आलवण नेसवीत, चीनमध्ये पांढरे सुतकाचे, आणि १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा झगा घातल्यावर युरोपात तोच नवरीचा रंग ठरला! रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. आपण अर्थ देतो.

म्हणूनच मला आपल्याच काही कार्यकर्त्यांचा राग येतो. मुलगी रंगीत पंजाबी ड्रेस घालून विहारात आली की ते तिला दारात अडवून बोलतात. बावीस प्रतिज्ञांत वस्त्राविषयी एकही प्रतिज्ञा नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलीने पंजाबी ड्रेस घातला तर म्हातारी माणसे नाके मुरडीत. आज तीच माणसे त्याला सोज्वळ पोशाख म्हणतात. कुंकवाचेही तसेच. बायकोने कुंकू पुसलेच पाहिजे म्हणून घरात आदळआपट करणारा एक गृहस्थ माझ्या माहितीचा आहे. त्याच्या स्वतःच्या मनगटातला गंडा अजून सुटलेला नाही. मंगळसूत्राबद्दल माझे मत विचाराल तर, लग्नाची खूण फक्त बाईच्याच गळ्यात का, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. पण ज्या बाईला ते नसल्यामुळे प्रवासात, कामाच्या जागी नको ते ऐकावे लागते तिच्या गळ्यातून ते ओढून काढणे हे मी रझा शहाच्या पोलिसांचेच काम समजते.

यापेक्षा कठीण गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याविषयी आपण बोलत नाही. दीक्षा घेतलेल्या घरात पुरुष वारला, त्रिसरण-पंचशील झाले, भिक्षूंनी अनित्यतेची गाथा म्हटली; आणि पाठीमागे चार बायका त्याच्या बायकोला न्हाणीघराकडे नेऊन तिच्या बांगड्या फोडतात. हे मी पाहिले आहे. एका नव्हे, अनेक घरी. येथे आवड-निवड कोठे राहिली? काल तिने ठेवले ते तिच्या आवडीचे नव्हते म्हणून सोडून द्या. आज तिचे काढले तेही तिला विचारून नाही.

तथागतांच्या संघात वस्त्राचा नियम कसा होत असे त्याचा एक दाखला विनयपिटकात आहे. श्रावस्तीजवळ अचिरवती नदीवर भिक्षुणी उघड्या अंगाने स्नान करीत आणि तेथे येणाऱ्या गणिका त्यांची टर उडवीत. विशाखा उपासिकेने भगवंतांकडे जे आठ वर मागितले त्यांत भिक्षुणींना स्नानवस्त्र देण्याचा एक होता. तिने कारण सांगितले, ते पटले, आणि रीत पडली. बाईचे दुःख बाईने सांगितले आणि त्यावरून नियम झाला. बांगड्या फोडण्याच्या रीतीला असे कोणते कारण कोणी, कोणाला विचारून सांगितले आहे?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की, पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ते गाव काही आपले म्हणून ओळखले जात नाही. तेथे बौद्ध-अबौद्ध असा भेद न करता सबंध गावाने एकत्र बसून हे ठरविले. तुमच्या-माझ्या वस्तीला यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमच्या वस्तीतील महिला मंडळापुढे येत्या पौर्णिमेला एक कागद ठेवायचा आहे. त्यात दोन कलमे होती. कोणाही घरी पुरुष वारल्यास त्याच्या पत्नीच्या अंगावरचे काहीही कोणी काढणार नाही. आणि घरच्या लग्नात, नामकरणात ती पुढे उभी राहील, तिला मागे बसविणार नाही. कागद वाचून झाल्यावर एक सत्तरीच्या बाई म्हणाल्या, 'आणखी एक लिही. जिला स्वतःहून काढायचं आहे, तिलाही कुणी "राहू दे" म्हणून भरीला घालू नये.' ते तिसरे कलम लिहिले आहे. सह्या व अंगठे पौर्णिमेला व्हायचे आहेत, आणि कागदाखाली पुरुषांच्या सह्यांसाठीही जागा सोडली आहे.